व्हिसा माझा, पासवर्ड त्याचा

प्रश्न, थोडक्यात: पत्र लिहिणारी वाचक इंग्लंडमध्ये राहते. नवरा २०२२ साली स्किल्ड वर्कर व्हिसावर गेला, ती आणि मुलगी त्याच्या डिपेंडंट, म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेलं कुटुंब म्हणून. परदेशी रहिवाशांना मिळणारं तिचं प्लास्टिकचं बीआरपी कार्ड ३१ डिसेंबर २०२४ला संपलं. "व्हिसा मात्र २०२७पर्यंत आहे, असं हे सांगतात," असं ती लिहिते. कार्डाऐवजी आलेला ई-व्हिसा, म्हणजे ऑनलाइन अकाउंटमध्ये दिसणारी परवानगीची नोंद, नवऱ्यानंच तिघांचीही काढली, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल नंबरवर. तिनं ती आजवर पाहिलेली नाही.

अलीकडे तिला एका शाळेत मदतनीस शिक्षिकेची अर्धवेळ नोकरी मिळाली. शाळेनं शेअर कोड मागितला, म्हणजे तिला काम करण्याचा हक्क आहे का हे ऑनलाइन तपासण्यासाठी ई-व्हिसाच्या अकाउंटमधून काढायचा कोड. नवरा मीटिंगमध्ये होता. संध्याकाळी त्यानं घाईघाईत कोड काढून दिला, तो घरभाड्यासाठीचा निघाला आणि शाळेला चालला नाही. बरोबर कोड मिळेपर्यंत आणखी दोन दिवस गेले. नोकरी टिकली, पण "शाळेच्या ऑफिसात उभी असताना मी इथे चोरून राहतेय असं वाटलं." पासवर्ड मागितल्यावर नवरा म्हणाला, "तुला कशाला ते टेन्शन? सगळं माझ्याकडे सेफ आहे." सासूबाई फोनवर म्हणाल्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून नवऱ्यावर विश्वास नाही?" आता आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी तिला एकटीनं भारतात यायचं आहे, आणि परतताना विमानतळावर अडवतील ही भीती आहे. एक मैत्रीण म्हणते, कार्ड संपलं म्हणजे तू बेकायदेशीर. व्हॉट्सॲपवरचा एक एजंट १५० पौंडांत ई-व्हिसा "ॲक्टिव्हेट" करून देतो म्हणतो. "नवरा वाईट नाही. भांडण नको आहे. मागू कसं, की गप्प बसू?"

उत्तर:

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, एक कागदाचा आणि एक घरातला. कागदाकडून सुरुवात करू. तिथे निदान उत्तरं ठाम आहेत.

कार्ड संपलं म्हणून तुम्ही बेकायदेशीर झालेल्या नाही. ब्रिटिश सरकारनं ही कार्डं २००८ साली सुरू केली आणि ३१ ऑक्टोबर २०२४पासून नवी देणं बंद केलं. सगळ्या नोंदी ऑनलाइन ठेवायच्या असं त्याआधीच ठरलेलं होतं. त्यामुळे ज्यांची राहण्याची परवानगी पुढे कितीतरी वर्षं चालू होती, अशा लाखो लोकांच्या कार्डांवरही ३१ डिसेंबर २०२४ हीच तारीख छापलेली होती. ती कार्डाची मुदत होती. परवानगीची मुदत तुमचा व्हिसा मंजूर झाला तेव्हाच्या पत्रात किंवा ईमेलमध्ये लिहिलेली आहे आणि आता ई-व्हिसात दिसते. मैत्रिणीनं या दोन तारखांची गल्लत केली. ती भल्याभल्यांनी केली. सरकारनंही संपलेली कार्डं प्रवासासाठी आधी ३१ मार्च २०२५पर्यंत आणि मग १ जून २०२५पर्यंत चालवून घेतली होती. आता ती सवलत नाही.

शाळेच्या ऑफिसातल्या त्या प्रसंगाबद्दलही थोडं. तुमच्याकडे संशयानं पाहिलं जातंय असं तुम्हाला वाटलं, ते समजू शकते. पण त्या टेबलामागच्या बाईंच्या बाजूनं बघा. काम करण्याचा हक्क नसलेल्या माणसाला नोकरी दिली आणि तपासणी केलेली नसली, तर मालकाला पहिल्याच खेपेला एका माणसामागे ४५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून तपासणी सगळ्यांचीच होते, ब्रिटिश नागरिकांचीसुद्धा. ते पासपोर्ट दाखवतात, तुम्ही कोड देता. फरक इतकाच की त्यांचा पासपोर्ट त्यांच्या पर्समध्ये असतो आणि तुमचा कोड दुसऱ्याच्या फोनमध्ये होता. लाज वाटली ती तुमच्या परदेशी असण्याची नव्हती. हातात काहीच नाही, विचारून सांगते म्हणावं लागतं, त्याची होती.

पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य वेगळंच आहे. "२०२७पर्यंत आहे, असं हे सांगतात." त्या देशात तुम्हाला कधीपर्यंत राहता येईल आणि कोणतं काम करता येईल, हे ज्या एका पानावर लिहिलेलं आहे ते तुम्ही अजून वाचलेलं नाही. नवरा खोटं सांगतोय असं मी मुळीच म्हणत नाही. २०२७ बरोबरच असेल. तरीही ही गोष्ट ऐकीव असून चालत नाही.

आपल्याकडे सातबारा ऑनलाइन निघायला लागला म्हणून शेत मोबाइलमध्ये गेलं असं कुणी समजत नाही. पण कर्ज काढायला गेल्यावर बांधावर उभं राहून "जमीन माझीच आहे" म्हणून भागत नाही, उतारा लागतो. तुमची राहण्याची परवानगी आणि ई-व्हिसा यांचं नातं तसंच आहे. परवानगी कुणी पासवर्ड विसरल्यानं जात नाही. मात्र दाखवता आली नाही, तर त्या दिवसापुरती ती नसल्यासारखीच.

ब्रिटननं हे फार वाईट रीतीनं अनुभवलेलं आहे. १ जानेवारी १९७३पूर्वी राष्ट्रकुल देशांतून येऊन स्थायिक झालेल्या लोकांना १९७१च्या इमिग्रेशन कायद्यानं तिथे राहण्याचा हक्क दिला होता. त्यात कॅरिबियन बेटांवरचे लोक बरेच होते, भारतातून गेलेलेही होते. हक्क दिला, पण तो सांगणारा कागद अनेकांना कधीच मिळाला नाही. पुढे मालक, घरमालक आणि रुग्णालयं पुरावा मागू लागली, तेव्हा आयुष्यभर तिथे राबलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या, उपचार अडले, काहींना तर देशाबाहेर काढलं गेलं. ते कधी आले हे सांगणारी जुनी लँडिंग कार्डं होम ऑफिसनं, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्यानं, २०१०मध्ये नष्ट केलेली होती. २०१८मध्ये हे सगळं उघडकीला आलं आणि विंडरश प्रकरण म्हणून ओळखलं गेलं. तुमची स्थिती तशी बिकट नाही. तुमची नोंद आहे, ती फक्त तुमच्यापर्यंत पोचलेली नाही. पण "हक्क आहे ना, मग पुराव्याचं काय एवढं" असं कुणी म्हणालं तर हे प्रकरण आठवा.

आता घरातलं.

तुम्ही असं धरून चालला आहात की व्हिसा नवऱ्याचा आणि तुम्ही त्याला जोडलेल्या, म्हणून किल्ल्या त्याच्याकडे असणं साहजिक. हे अर्धंच खरं आहे. परवानगी मिळाली ती त्याच्याशी असलेल्या नात्यामुळे, हे बरोबर. पण ती तुमच्या नावानं, तुमच्या फोटोसह आणि तुमच्या स्वतंत्र अटींसह मिळाली आहे. गंमत म्हणजे काही बाबतींत ती त्याच्यापेक्षा मोकळी आहे. तो त्याला प्रायोजित करणाऱ्या कंपनीशी बांधलेला आहे. तुम्ही व्यावसायिक खेळाडू होणं सोडून जवळपास कोणतंही काम करू शकता, उद्या शाळा सोडून दुसरीकडे गेलात तरी कुणाची परवानगी लागत नाही. तुम्हा दोघांच्या तारखाही कायम हातात हात घालून चालतील असं नाही. समजा, नवऱ्यानं नोकरी बदलली आणि नव्या अर्जानं त्याची मुदत पुढे गेली, तर तुमची आणि मुलीची आपोआप जात नाही. तुमचे अर्ज वेगळे करावे लागतात. अशी घरं असतात जिथे नवऱ्याची मुदत वाढल्याच्या आनंदात बायकोची तारीख कुणी पाहतच नाही. मुदत उलटल्यावर जे निस्तरावं लागतं ते बायकोला लागतं.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. हा विश्वासाचा विषयच नाही. तुमचा नवरा जगातला सगळ्यात भरवशाचा माणूस असला तरी त्याचा फोन हरवू शकतो, विमानात बंद असू शकतो, सिम बदलू शकतं. एक गोष्ट त्याला जरूर विचारा: तिघांच्या अकाउंटला त्यानं ऑफिसचा ईमेल तर दिलेला नाही ना? असं बरेच जण करतात. नोकरी सुटते त्या दिवशी तो ईमेल बंद होतो, आणि नेमकं त्याच वेळी व्हिसाचे कागद हाताशी असायला हवे असतात. "सगळं माझ्याकडे सेफ आहे" हे त्यानं प्रेमानंच म्हटलं असेल. पण तीन माणसांचं सगळं एकाच खिशात, ही काही सुरक्षित व्यवस्था नव्हे.

तुमच्यापुढे तीन वाटा दिसतात. पहिली, आहे तसंच चालू द्यायचं आणि लागेल तेव्हा कोड मागायचा. भांडण टळेल, पण दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी प्यायची सवय लागेल, आणि पुढच्या खेपेला समोर शाळेतल्या बाईंऐवजी विमानतळावरचा कर्मचारी असेल. दुसरी, गुपचूप काहीतरी करायचं. ज्यांना आपल्या अकाउंटच्या ईमेलपर्यंत किंवा फोनपर्यंत पोचता येत नाही त्यांच्यासाठी ओळख पटवून ते परत मिळवण्याची सोय सरकारनं ठेवली आहे. ती वापरणं हा तुमचा अधिकार आहे. पण तुम्ही वर्णन केलेल्या घरात तिची गरज मला दिसत नाही, आणि नंतर कळल्यावर साध्या गोष्टीचं विनाकारण मोठं होईल. तिसरी वाट, दोघांनी शेजारी बसून तुमचं अकाउंट तुमच्या नावावर आणायचं. मी हीच घेतली असती. आणखी एक व्यवहाराचं कारण आहे: लॉगिन करताना येणारा कोड सध्या त्याच्या फोनवर येणार, म्हणजे तो जवळ असला की काम पटकन होतं.

मागायचं कसं? माझ्या मते तुम्ही चुकीची गोष्ट मागितलीत. "पासवर्ड दे" म्हटलं की समोरच्याला आपली काहीतरी वस्तू कुणी काढून घेतंय असं वाटतं. तुम्हाला त्याचा पासवर्ड नकोच आहे. तुमच्या अकाउंटला तुमचा ईमेल आणि तुमचा नंबर हवा आहे. म्हणून सरळ असं म्हणा: "परवा शाळेत माझी पंचाईत झाली. तू मीटिंगमध्ये असताना तुला त्रास द्यायला मलाही आवडत नाही. रविवारी सकाळी बसून माझ्या अकाउंटला माझा नंबर लावून टाकू या. आईकडे जायचंय, त्याआधी व्हायला हवं." यात तक्रार नाही, संशय नाही, त्याचं काम वाढत नाही, उलट कमी होतं. "कशाला टेन्शन घेतेस" असं पुन्हा आलंच, तर "ते पान न पाहिल्याचंच टेन्शन आहे" एवढं सांगा. मुलीचंही अकाउंट त्याच बैठकीत उघडून बघा. ते कुणाच्या ईमेलवर ठेवायचं ते दोघांनी ठरवा, पण तिचा ई-व्हिसा कसा उघडायचा हे दोघांनाही माहीत असायला हवं.

बसाल तेव्हा घाई करू नका. ईमेल आणि फोन बदलून झाले की ई-व्हिसाचं पान उघडा आणि अक्षर न् अक्षर वाचा. फोटो तुमचाच आहे का, जन्मतारीख, नागरिकत्व, परवानगीचा प्रकार, संपण्याची तारीख, कामाबद्दलची अट. नावाकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. कुणी पासपोर्टवर बदलतं, कुणी नाही, कुणी नूतनीकरणाच्या वेळी बदलतं आणि मग एका कागदावर वडील, दुसऱ्यावर नवरा असा प्रकार होतो. ई-व्हिसातलं नाव पासपोर्टाशी जुळलं पाहिजे. नाव बदलल्यामुळे फरक पडला असेल तर अकाउंटमधून माहिती अद्ययावत करता येते. मुळातच चूक असेल तर ती कळवण्यासाठी वेगळा ऑनलाइन फॉर्म आहे. दोन्ही गोष्टी सरकारच्या गव्ह डॉट यूके या संकेतस्थळावर फुकट होतात.

मग शेअर कोड स्वतःच्या हातानं काढून बघा. परवा तुमच्या घरी जी गडबड झाली ती फार नेहमीची आहे. कोड नऊ अक्षरअंकांचा असतो आणि कशासाठी काढला त्यावर त्याचं पहिलं अक्षर ठरतं. नोकरीसाठीचा डब्ल्यूनं सुरू होतो, घरभाड्यासाठीचा आरनं, इतर कुठे स्टेटस दाखवायचं असेल तर एसनं. आरचा कोड मालकाच्या पानावर चालत नाही. कोड ९० दिवस टिकतो, आणि लागेल तितक्या वेळा नवा काढता येतो, त्यामुळे आधीपासून काढून जपून ठेवण्यात अर्थ नाही. शाळा तो कोड आणि तुमची जन्मतारीख मालकांसाठीच्या सरकारी पानावर घालून स्वतः बघते. तुम्ही पाठवलेला स्क्रीनशॉट किंवा छापील पान ही त्यांच्या दृष्टीनं तपासणी ठरत नाही, आणि संपलेलं कार्ड तर अजिबात नाही. तुमची परवानगी ठरावीक मुदतीची असल्यामुळे ती संपण्याआधी शाळा पुन्हा एकदा कोड मागेल. तेव्हा घाबरू नका, ते ठरलेलंच आहे.

तरीही ई-व्हिसाच्या पानाची एक प्रत आणि व्हिसा मंजुरीचं मूळ पत्र स्वतःच्या ईमेलमध्ये ठेवा. कायद्याच्या दृष्टीनं ती प्रत तपासणीची जागा घेत नसली, तरी संकेतस्थळ बंद पडलं किंवा अकाउंटमध्ये भलतंच दिसू लागलं तर काय होतं ते दाखवायला काहीतरी हातात राहतं. सगळं ऑनलाइन करण्यावर माझा स्वतःचा पूर्ण भरवसा नाही. ज्यांना कोड, लॉगिन जमत नाही अशा वयस्कर लोकांची यात फरफट होते. पण व्यवस्था आता हीच आहे.

तो १५० पौंडांचा एजंट विसरून जा. "ॲक्टिव्हेट" करण्यासारखं यात काही नसतं. अकाउंट उघडणं फुकट, ई-व्हिसा पाहणं फुकट, कोड काढणं फुकट. त्याला तुमच्या पासपोर्टाचा फोटो, जन्मतारीख आणि फोनवर आलेला कोड हवा असणार, म्हणजे नवऱ्याकडून सोडवलेलं अकाउंट तुम्ही एका अनोळखी माणसाच्या हवाली कराल. ब्रिटनमध्ये इमिग्रेशनबद्दलचा सल्ला कुणीही उठून द्यायचा नसतो. वकील असावं लागतं, नाहीतर सरकारी नोंदणी लागते. नोंदणीशिवाय असा सल्ला विकणं गुन्हा आहे. नोंदणीचं काम पूर्वी ओआयएससी ही सरकारी संस्था पाहायची, २०२५पासून तिचं नाव इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटी झालं. त्यांच्या यादीत नाव सापडलं नाही तर पुढे बोलूच नका. हे मलाही लागू आहे. मी इथे सर्वसाधारण माहिती देतेय, तुमच्या कागदांवर नजर टाकून निकाल देण्याचं काम त्या यादीतल्या माणसाचं.

आता एक परिच्छेद तुमच्यासाठी नसेल कदाचित, पण हे सदर वाचणाऱ्या कुणासाठी तरी आहे, म्हणून लिहिते. तुम्ही इतकं शांतपणे, कारणासहित मागितलंत आणि तरीही नकार आला. किंवा "व्हिसा माझ्यामुळे आहे, एका ईमेलनं परत पाठवीन" असं कुणी ऐकवलं. पासपोर्टही त्याच्याच कपाटात आहे, पगार त्याच्याच खात्यात जातो. मग हा विसरभोळेपणा किंवा काळजी राहिली नाही. जोडीदाराला सतत धाकात आणि ताब्यात ठेवणं हा इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५च्या कायद्यानं गुन्हा ठरवला आहे. मार लागलेला असण्याची गरज नाही. रेफ्यूज या संस्थेची राष्ट्रीय हेल्पलाइन ०८०८ २००० २४७ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते. दक्षिण आशियाई बायकांमध्ये १९७९पासून काम करणारी साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संस्थाही आहे, तिथे "लोक काय म्हणतील" हे समजावून सांगावं लागत नाही. नातं तुटलं तर डिपेंडंटची परवानगी होम ऑफिस साधारण ६० दिवसांवर आणू शकतं, हे खरं. पण ते त्या खात्यानं ठरवायचं असतं, नवऱ्यानं नव्हे, आणि एका ईमेलनं कुणी दुसऱ्या दिवशी विमानात बसवत नाही. घरगुती अत्याचार सोसलेल्यांना तीन महिन्यांची वेगळी सवलत मिळते आणि ती कामगारांच्या व विद्यार्थ्यांच्या जोडीदारांनाही लागू आहे. मात्र ती मिळाली की आधीची परवानगी संपते. त्यामुळे अर्ज करण्याआधी वकिलाशी किंवा नोंदणीकृत सल्लागाराशी बोलणं अत्यंत गरजेचं. अशा घरातल्या बाईनं रविवारी सकाळी शेजारी बसायच्या भानगडीत पडू नये. वर सांगितलेली दुसरी वाट तिच्यासाठी आहे, तीसुद्धा कुणाच्या तरी मदतीनं.

तुमच्या प्रवासाकडे येऊ. आई वाट पाहत असणार.

तुम्ही ज्या पासपोर्टावर प्रवास करणार तोच ई-व्हिसाला जोडलेला असला पाहिजे. विमान कंपनीची यंत्रणा पासपोर्ट क्रमांकावरून होम ऑफिसकडे विचारणा करते. मधल्या काळात पासपोर्टचं नूतनीकरण झालेलं असेल आणि अकाउंटमध्ये जुनाच क्रमांक असेल, तर परवानगी असूनही काउंटरवर "काही दिसत नाही" असं उत्तर येतं. परतीच्या प्रवासातल्या भीतीचं सगळ्यात खरं कारण हेच असतं, आणि ते घरी बसून दूर करता येतं. निघण्याआधी एसनं सुरू होणारा एक कोड काढून कागदावर लिहून ठेवा. परतीची तारीख ९० दिवसांच्या पुढे जाणार असेल तर भारतातून नवा काढा. त्यासाठी लॉगिनचा कोड तुम्हाला भारतात मिळायला हवा. ब्रिटनचं सिम तिथे चालेल याची खात्री नसेल तर कोड ईमेलवर येईल असं बघा. म्हणून म्हटलं, ईमेल तुमचा हवा. मंजुरीच्या पत्राची छापील प्रतही पर्समध्ये असू द्या. काउंटरवरच्या एखाद्या कर्मचाऱ्याला ई-व्हिसा ठाऊक नसेल तर शांतपणे सांगा की होम ऑफिसची विमान कंपन्यांसाठी मदतवाहिनी आहे, तिथे विचारा. मुलगी बरोबर असेल तर यातलं सगळं तिच्यासाठीही वेगळं करावं लागेल.

प्रवासाबद्दल एक सावधगिरी २०२७साठी लिहून ठेवा. मुदतवाढीचा अर्ज जुनी मुदत संपण्याआधी केला असेल तर निर्णय येईपर्यंत जुने हक्क त्याच अटींवर चालू राहतात. १९७१च्या त्याच कायद्याच्या कलम ३सीमध्ये ही तरतूद आहे. त्या काळात मालकाला तुमच्या ई-व्हिसावर पुरेसं दिसलं नाही, तर तो होम ऑफिसकडे चौकशी करून सहा महिन्यांचं खात्रीपत्र मागवू शकतो. पण अर्ज प्रलंबित असताना ब्रिटन, आयर्लंड आणि आसपासच्या बेटांबाहेर पाऊल टाकलंत तर अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. आईची दुसऱ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नेमकी तेव्हाच आली, तर आधी अर्जाचा निकाल लागू द्या किंवा जाऊन आल्यावर अर्ज करा. पुढे कायमच्या वास्तव्याचा विचार असेल तर बाहेर राहिलेल्या दिवसांची वही ठेवा. आजवरच्या नियमात कोणत्याही बारा महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलेलं चालत नाही, आणि हे डिपेंडंट जोडीदारालाही लागू आहे. कायमच्या वास्तव्याच्या अटी कडक करण्याचे प्रस्ताव सरकारनं मे २०२५मध्ये मांडले, म्हणून अर्जाची वेळ येईल तेव्हा त्या वेळचे नियमच पाहायचे.

तिकीट काढण्याआधी हे सगळं उरकून घ्या. नाव किंवा पासपोर्ट क्रमांक दुरुस्त करावा लागला तर त्याला किती दिवस लागतील हे तुमच्या हातात नाही, आणि शस्त्रक्रियेची तारीख एकदा ठरली की ती थांबणार नाही.